फणसोंबा, एकशे बारा ग्रॅम

आमगावच्या भरमाण्णा घाडीने पिशवीतून काढला
तेव्हा तो खुरासारखा दिसला,
झिजलेल्या बैलाच्या.
वरून काळा, तडकलेला, खालून दालचिनी.
"फणसाच्या पोटातनं आलाय, बाई.
झाड आतनं पोकळ झालंय, तरी फळतंय.
पोरांची लाळ गळाय लागली की उगाळून लावतो आम्ही."

मी वजन केलं.
रजिस्टरात 'झाड' या रकान्यात फणस लिहिलं,
शिवलीला मॅडमनी शेजारी कन्नडात हलसु.
मग कुणी काहीच खोडलं नाही.

दळला, स्पिरिटात भिजवला, गाळला.
काचेच्या गोल भांड्यात रात्रभर फिरत राहिला
कोऱ्या चहासारखा.
तळाशी उरलं ते चमचाभर,
तपकिरी, चिकट, जंगल ओलं झाल्याच्या वासाचं.

कुंपणावरच्या अबईची भाजी आम्ही लहानपणापासून खातो.
तिच्याच जातीच्या बियातलं एक प्रथिन
उंदराच्या शेपटीच्या शिरेत टोचलं
की त्याच्या पांढऱ्या पेशी त्याच्याच यकृतावर उठतात.
बारा तासांत.
बाहेरून कुणी आलेलं नसतं.

हे मी कागदावर शिकले होते.
मग मलप्रभाचे डोळे पिवळे झाले.
माझी धाकटी, जांबोटीच्या शाळेत चौथीला शिकवते.
आधी कावीळ म्हणून कुणी गळ्यात मुळ्यांची माळ घातली,
कुणी उसाचा रस सांगितला,
शेवटी बेळगावात सुई घालून यकृताचा दोरा काढला.
डॉक्टर म्हणाले, विषाणू नाही, दारू नाही,
तिचंच शरीर.
आई म्हणाली, "तिचंच म्हंजे?
मग भांडण मिटवायला बोलवायचं कुणाला?"

डॉक्टरांनी पेन उघडलं, मिटलं,
आणि गोळ्या लिहून दिल्या.

चोवीस उंदीर होते.
ज्यांना नुसतं पाणी पाजलं त्यांचे आकडे हजारांत गेले.
ज्यांना फणसोंबा, त्यांचे शेकड्यांत थांबले.
सतरा नंबरचा तर सकाळी उठून मिशा साफ करत होता.
त्यातले दोन मात्र तरीही मेले.
मॅडमनी ते दोन आधी लिहिले.

त्या संध्याकाळी खानापूरच्या बसमध्ये
तिकिटाच्या पाठीवर मी हिशोब मांडला:
उंदराचा डोस, भागिले बारा,
गुणिले बावन्न किलो.
कागद घामाने मऊ झाला होता, आकडा पुसट आला.
मी तो दोनदा गिरवला
आणि देसूरच्या फाटकाजवळ खिडकीतून सोडून दिला.

रविवारी घरी गेले तर सहाण ओली.
मधोमध दालचिनी रंगाचं वर्तुळ,
आईच्या अंगठ्यालाही तेच.
"काय करूलालीस, आई?"
"तूच सांगितलीस की, उंदरं वाचली म्हणून.
भरमाण्णाला तीस रुपये दिले."

काय सांगणार होते मी?
की हे खोटं आहे, असं नाही.
की हे खरं आहे, असंही नाही अजून.
की वाटीत काय काय उतरलंय ते मला माहीत नाही,
मलाच, जी ते रोज गाळते.

मलप्रभा आतून आली.
गोळ्यांनी चेहरा फुगून पुरणपोळीसारखा.
"चौथीतली पोरं म्हणतात, बाई, तुमचं बरं चाललंय."
तिने वाटी उचलली, वास घेतला,
परसात जाऊन अबईच्या मुळाशी ओतली.
मग गोळ्यांची पट्टी दाखवली आईला,
सकाळचा खण रिकामा.

आई काही बोलली नाही.
सहाण धुतली, पालथी घातली.
अंगठ्याचा रंग निघायला गुरुवार लागला.

शुक्रवारी भरमाण्णाचा फोन:
"त्याच खोडावर नवी कड धरलीया, बोटाएवढी.
वर्साला एक थर देतंय ते, जास्त न्हाई.
काढू काय?"
मी म्हटलं, राहू दे.
तो म्हणाला, "बरं. मग पुढल्या साली ये,
हितंच असेल."